यंत्रापुढे माणूस कुठे थबकतो: स्वयंचलित वाहतुकीचा अभ्यास कसा करावा

स्वयंचलित वाहतुकीविषयी लोकांना काय वाटते हे विचारायला निघालेला अभ्यासक बहुधा रिकाम्या हातांनी परततो. इंदूरमध्ये एखाद्या मराठी घरात विचारा किंवा राजवाड्यापाशी हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराला विचारा, उत्तर एकाच साच्याचे येते: ‘छान आहे हो’, नाहीतर ‘बढ़िया है’. हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून काही हाती लागत नाही. हाती लागते ते निराळ्या क्षणी, म्हणजे गेटपुढे आलेला माणूस तिकीट हातात धरून क्षणभर थांबतो, पुढच्याने काय केले ते आठवून पाहतो, मग पाटी न वाचताच गणवेशातले कोणी जवळपास दिसते का ते शोधू लागतो, तेव्हा. यंत्र तयार करणाऱ्याने काय गृहीत धरले होते आणि प्रवाशाला प्रत्यक्षात काय उमगले, यांतले अंतर त्या थबकण्यात दिसते. ते थबकणे शिस्तीने कसे नोंदवावे, त्याला मुलाखतीची आणि प्रयोगाची जोड कशी द्यावी, हे इथे मांडले आहे. महाविद्यालयातील प्रकल्प, नागरिक मंडळाचा अहवाल किंवा प्रबंधाची पूर्वतयारी, यांपैकी कशासाठीही ही पद्धत वापरता येईल.

यंत्राने कोणते काम उचलले आहे ते आधी लिहावे

‘स्वयंचलित’ हा शब्द फार सैल आहे. शहरी रेल्वेसाठी स्वयंचलनाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या जातात. शून्यावर सगळे चालकाच्या नजरेवर असते. पहिल्या पायरीवर गाडी चालकच हाकतो, पण वेगमर्यादा किंवा सिग्नल ओलांडला तर यंत्रणा त्याला रोखते. दुसऱ्या पायरीवर गाडी आपोआप धावते आणि थांबते. दरवाजे, निघण्याची आज्ञा आणि मार्गावरची नजर चालकाकडे राहते. तिसऱ्या पायरीवर चालक नसतो, तरी गाडीत एक कर्मचारी असतो, आणि चौथ्या पायरीवर गाडीत कोणीही कर्मचारी असण्याची गरज उरत नाही. रस्त्यावरच्या वाहनांची शिडी वेगळी आहे. २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्या वर्गीकरणात शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत, आणि तिथे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या सीमेवर खरी अडचण उभी राहते: दुसऱ्या पायरीवर माणसाने सतत लक्ष ठेवायचे असते, तिसऱ्या पायरीवर यंत्रणेने बोलावले की ताबा घ्यायचा असतो. या दोन शिड्यांची सरमिसळ विद्यार्थ्यांच्या अहवालांत नेहमी आढळते. रेल्वेतील चार म्हणजे शिखर असते, रस्त्यावरील चार म्हणजे नसते, एवढे लक्षात ठेवले तरी बराच घोळ टळतो.

चालकाविना धावणारी गाडी ही काही कालची गोष्ट नव्हे. जपानमधील कोबे येथे १९८१ मध्ये आणि फ्रान्समधील लिल येथे १९८३ मध्ये अशी सेवा सुरू झाली. पॅरिसची १९०० साली सुरू झालेली पहिली मेट्रो मार्गिका २०१२ पर्यंत पूर्णपणे चालकरहित करण्यात आली. आपल्याकडे दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० रोजी चालकरहित सेवेचा आरंभ झाला. म्हणजे तंत्र मुरलेले आहे, नवा असतो तो प्रत्येक शहरातला प्रवासी. आणि अभ्यास करायचा तो त्याचाच.

त्या प्रवाशाला या पायऱ्यांशी कर्तव्य नसते. त्याचा संबंध दरवाजा, गेट, सरकता जिना, लिफ्ट, तिकिटाची खिडकी किंवा यंत्र आणि घोषणा यांच्याशी येतो. म्हणून अभ्यासाचे पहिले पान असे करावे: जागा ठरवावी, तिथे पूर्वी माणूस करत असलेली कामे एकाखाली एक लिहावीत, आणि प्रत्येकासमोर ते काम आता यंत्र करते, प्रवासी स्वतः करतो की अजून कर्मचारीच करतो ते नोंदवावे. अनेकदा असे दिसते की ‘स्वयंचलित’ झालेले काम यंत्राकडे गेलेले नसून प्रवाशाकडे सरकलेले आहे. चालकाच्या कक्षात माणूस आहे की नाही, हेसुद्धा वृत्तपत्रातून घेऊ नये. निरीक्षणाच्या दिवशी स्वतः पाहून तारखेसह लिहावे.

इंदूरमध्ये अशा जागांची आता वाण नाही. सुपर कॉरिडॉरवरचा मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर सप्टेंबर २०२४ पासून चेहरा ओळखून प्रवेश देणारी डिजी यात्रा उपलब्ध आहे. चौकाचौकांत कॅमेरे चालान पाठवतात, आणि मॉलमधला सरकता जिना तर घरोघरच्या आजींना परिचयाचा झाला आहे. यांत आय-बसची, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या शहरी बससेवेची आठवणही धरावी. ए. बी. रोडवरची ती मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढून टाकण्यास संमती दिली. पण उंच फलाटावरून सरळ बसमध्ये पाऊल टाकण्याची जी सवय इंदूरकरांना तिने लावली, ती सवय घेऊनच लोक मेट्रोच्या फलाटावर उभे राहतात. नव्या यंत्रापुढे येणारा माणूस कोरी पाटी नसतो. त्याच्या आधीच्या सवयी मुलाखतीत विचारल्या नाहीत, तर अर्धे निष्कर्ष चुकतात.

प्रश्न लहान असावा

‘इंदूरकरांचा मेट्रोवर विश्वास आहे का’ या प्रश्नाला तीन महिन्यांत आणि चार विद्यार्थ्यांत उत्तर देता येत नाही. ‘पहिल्यांदा मेट्रोने जाणारा वयस्क प्रवासी तिकीट घेण्यापासून फलाटावर पोहोचेपर्यंत कोणकोणत्या जागी थबकतो आणि कोणाला मदत मागतो’ या प्रश्नाला देता येते. प्रश्नात व्यक्ती कोण, जागा कोणती, कृती कोणती आणि ती डोळ्यांनी दिसणारी आहे का, एवढे चार मुद्दे तपासावेत. विश्वास दिसत नाही, पण सरकत्या जिन्याशी येऊन माघारी वळणे आणि बाजूचा दगडी जिना धरणे दिसते. वयही दिसत नाही, त्याचा अंदाज असतो; तेव्हा नजरेने ठरवलेले वय पत्रकात ‘अंदाजे’ म्हणूनच लिहावे, आणि नेमके वय केवळ ज्यांची मुलाखत होईल त्यांच्याकडून घ्यावे.

परवानगी, आणि ‘संशोधन’ हा शब्द

स्थानकाच्या किंवा विमानतळाच्या आवारात निरीक्षण करायचे असेल तर संबंधित व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज द्यावा. अर्जात किती माणसे, कोणत्या तारखांना, कुठे उभी राहणार, छायाचित्रे घेणार की नाही, आणि अहवालाची प्रत कधी देणार, एवढे एका पानात मावले पाहिजे. महाविद्यालयाची नीतिसमिती असेल तर तिच्याकडे आराखडा आधी द्यावा. समिती नसली, तरी मार्गदर्शकाव्यतिरिक्त एका ज्येष्ठ व्यक्तीकडून तो वाचून घ्यावा.

इथे इंदूरची एक खास गंमत सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने बसथांब्यावरच्या रक्षकाला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘हम यहाँ संशोधन कर रहे हैं।’ हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. रक्षकाने काळजीने विचारले, ‘टाइम टेबल में?’ मराठीत जे संशोधन, ते हिंदीत शोध, आणि मराठीत शोध म्हणजे हरवलेले काहीतरी धुंडाळणे. आपण घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलतो, त्यामुळे असे शब्द कधी बाजू बदलतात ते आपल्यालाच कळत नाही. प्रश्नावलीत हा दोष फार महाग पडतो. ‘त्रास झाला का’ हा मराठीत साधा प्रश्न आहे. हिंदीत त्रास हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, त्याचा अर्थही भयाकडे झुकतो. तिथे ‘दिक़्क़त हुई क्या’ असेच विचारावे लागते. ‘कष्ट’ म्हटले की मराठी माणसाला मेहनत आठवते, हिंदी माणसाला पीडा. म्हणून दोन्ही भाषांतील प्रश्नावल्या एकीवरून दुसरी अशा न करता स्वतंत्रपणे लिहाव्यात, आणि मग तिसऱ्या कोणाकडून एकीचे दुसऱ्या भाषेत उलट भाषांतर करून घेऊन अर्थ जुळतो का ते पाहावे.

व्यक्तिगत माहितीबाबत २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा डोळ्यांपुढे ठेवावा. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. विद्यार्थी-प्रकल्पात सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जी माहिती लागत नाही ती घेऊच नये. नाव, मोबाइल क्रमांक, चेहऱ्याचे चित्रण यांपैकी काहीही न घेता थबकण्याचा अभ्यास उत्तम होतो. चित्रण फारच आवश्यक वाटले तर कॅमेरा पायांवर आणि हातांवर रोखावा. सरकत्या जिन्याशी साडीच्या निऱ्या सावरणारा हात आणि पायरीची वाट पाहणारे पाऊल यांतून जे कळते, ते चेहऱ्यावरून कळत नाही.

निरीक्षण

अभ्यासाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नये. पहिले दोन दिवस काहीही न मोजता नुसते उभे राहावे आणि वहीत सलग गद्यात लिहावे: कोण आले, काय केले, कुठे अडले. या दोन दिवसांच्या टिपणांतूनच नोंदपत्रकाचे रकाने तयार होतात. घरी बसून आधी रकाने आखणारा अभ्यासक, लोकांनी जे करावे असे त्याला वाटते तेच मोजतो.

त्यानंतर ‘थबकणे’ या शब्दाची व्याख्या लिहून काढावी. माझ्या गटाने वापरलेली व्याख्या अशी होती: यंत्रापासून एका हाताच्या अंतरावर आलेला माणूस पुढची कृती न करता दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबला, तर तो एक प्रसंग. फोनवर बोलत थांबलेला, मागे राहिलेल्या मुलाची वाट पाहणारा आणि रांग अडल्यामुळे उभा असलेला माणूस यांत मोजायचा नाही. व्याख्येत वगळण्याची उदाहरणे नसतील तर दोन निरीक्षक दोन निराळ्या गोष्टी मोजत बसतात. प्रत्येक प्रसंगासाठी वेळ, नेमकी जागा, थांबण्याचे सेकंद, नजर कुठे गेली, हाताने काय केले, मदत कोणी केली आणि शेवट कसा झाला, एवढे रकाने पुरतात. नजरेसाठी पाटी, यंत्र, पुढचा प्रवासी, सोबतचा, कर्मचारी आणि इतर अशा सहा खुणा ठेवाव्यात. हातासाठी तिकीट पुन्हा लावणे, उलटे करून लावणे, दार ढकलून पाहणे, कुठेच स्पर्श न करणे असे पर्याय टिपणांतून येतात. दार ढकलणे ही नोंद आवर्जून ठेवावी, कारण आपोआप उघडणारे दार ढकलणारा माणूस ते आपल्यासाठी उघडेल यावर अजून भरवसा ठेवत नाही.

भाजक विसरू नये. सायंकाळच्या तासाभरात ३० माणसे थबकली, या वाक्याला तेवढ्या वेळात किती माणसे तिथून गेली हे माहीत असल्याशिवाय अर्थ नाही. म्हणून एका विद्यार्थ्याने केवळ येणारी-जाणारी माणसे मोजायची आणि दुसरे काहीही करायचे नाही. हे काम कंटाळवाणे असते. ते आळीपाळीने द्यावे, पण कधीही रद्द करू नये.

इंदूरमध्ये माणसे एकटी कमी हिंडतात. रविवारी मेट्रो पाहायला आलेल्या पाच जणांच्या कुटुंबात मुलगी सगळ्यांची तिकिटे काढते, वडील गेटपाशी एकेकाला पुढे सारतात आणि आजी कुठल्याही यंत्राला हात न लावता फलाटावर पोहोचते. ही आजी न अडखळता गेली अशी नोंद केली तर ती बरोबर असूनही फसवी ठरते. अशा वेळी प्रसंगाचा घटक व्यक्ती न धरता गट धरावा आणि गटातील यंत्र हाताळणारी व्यक्ती कोण हे वेगळ्या रकान्यात लिहावे. पुढे विश्लेषणात एकट्या प्रवाशांचे प्रसंग आणि गटांचे प्रसंग निराळे ठेवावे लागतात.

दिवस निवडतानाही भान हवे. मेट्रो सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रवास मोफत होता आणि निम्मे शहर हौसेने जाऊन आले. त्या काळातले वर्तन नवलाईचे होते. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) या दिवसांत शहराची सगळी ये-जा बदलते, तेव्हा गर्दीचाच अभ्यास करायचा नसेल तर ते दिवस वगळावेत. कामाच्या दिवसाची सकाळ, कामाच्या दिवसाची संध्याकाळ आणि रविवार, अशा तीन वेळा वेगवेगळ्या आठवड्यांत किमान दोनदा घेतल्या तर चित्र स्थिर होऊ लागते.

निरीक्षकाच्या उपस्थितीने वर्तन बदलते, हे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांपासून सांगितले जाते. त्या प्रयोगांतील आकड्यांवर पुढे बराच वाद झाला असला तरी सावधगिरी योग्यच आहे. आपल्याकडे मात्र अडचण वेगळ्या बाजूने येते. हातात पॅड आणि गळ्यात ओळखपत्र घेऊन कोणी उभा राहिला की इंदूरकर त्याला कर्मचारीच समजतो आणि ‘भैया, ये कैसे करना है’ म्हणून सरळ त्याच्याकडे येतो. मदत नाकारणे माणुसकीला धरून नाही. मदत जरूर करावी, त्या प्रसंगापुढे ‘निरीक्षकाचा हस्तक्षेप’ अशी खूण करावी आणि तो गणनेतून बाजूला काढावा. असे प्रसंग फारच होऊ लागले तर ओळखपत्र खिशात ठेवून गेटपासून दूर, बाकावर बसावे. परवानगीचे पत्र मात्र सोबत असू द्यावे.

शेवटी दोन निरीक्षकांचा मेळ तपासावा. एकाच ठिकाणचे १०० प्रसंग दोघांनी एकमेकांशी न बोलता नोंदवावेत. समजा, त्यांपैकी ८० ठिकाणी दोघांची खूण जुळली. पण नुसत्या योगायोगानेही काही खुणा जुळतात. दोघांनी प्रत्येक खूण किती वेळा वापरली यावरून हा योगायोगाचा मेळ काढता येतो. तो ५० टक्के आला असे धरले, तर ०.८० मधून ०.५० वजा करून आलेल्या ०.३० ला १ उणे ०.५० म्हणजे ०.५० ने भागावे, उत्तर ०.६० येते. कोहेनचा कॅपा (kappa) या नावाने हा गुणांक ओळखला जातो. ०.६० हे ठीकठाक म्हणता येईल असे मूल्य आहे. त्याहून कमी आले तर निरीक्षकांना दोष न देता व्याख्या पुन्हा लिहावी.

मुलाखत

मुलाखतीचा पहिला नियम म्हणजे मत विचारू नये, प्रसंग विचारावा. ‘तुम्हाला मेट्रो सोयीची वाटते का’ असे न विचारता ‘काकू, मागच्या वेळी तुम्ही गेलात तेव्हा गेटपाशी नेमके काय झाले?’ असे विचारावे. मग ‘त्याच्या आधी काय झाले’, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले की आता काय होईल’, ‘मग कोणी सांगितले’ अशा क्रमाने मागे-पुढे जावे. घडलेल्या एकाच कठीण प्रसंगाभोवती फिरणारी ही रीत १९५४ पासून वापरात आहे आणि मूळची विमानचालकांच्या अभ्यासातून आलेली आहे. यांतील ‘काय होईल असे वाटले’ हा प्रश्न सोन्यासारखा आहे. यंत्र काय करेल याविषयी माणसाच्या मनात जे चित्र असते ते त्यातूनच बाहेर येते.

संबोधनाचाही परिणाम होतो. जुन्या मराठी वस्तीत आजी, काकू, काका म्हणून सुरुवात केली की बोलणे मोकळे होते, पण त्याच जवळिकीमुळे समोरची व्यक्ती आपल्या कौतुकासाठी गोड उत्तरे देऊ लागते. ‘मला नाही जमले’ असे म्हणणे वयस्क माणसाला नातवाच्या वयाच्या विद्यार्थ्यासमोर जड जाते. यावर एक साधा उपाय आहे: आधी दुसऱ्यांविषयी विचारावे. ‘तुमच्यासोबत आणखी कोणी होते का, त्यांना कुठे अडले?’ या प्रश्नावर गाडी सुरू होते आणि थोड्या वेळाने ती आपसूक स्वतःच्या अनुभवावर येते. कुटुंबासमोर घेतलेल्या मुलाखतीत सूनबाई किंवा मुलगा मध्येच उत्तर देतो. ते उत्तर टाकून देऊ नये, पण ते कोणाचे आहे ते लिहावे.

अविश्वास जितका अभ्यासावा तितकाच अतिविश्वासही अभ्यासावा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी येथे स्वयंचलित चाचणी-वाहनाच्या धडकेत रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. वाहनात देखरेखीसाठी माणूस बसलेला होता, पण त्याचे लक्ष मोबाइलवर होते, असे चौकशीत आढळले. यंत्र बहुतेक वेळा बरोबर वागते म्हणूनच माणसाची नजर हटते. फलाटावर याचे लहान रूप पाहायला मिळते: दार बंद होत असताना ‘सेन्सर असतो, उघडेल पुन्हा’ म्हणून हात घालणारा तरुण. त्याची मुलाखत घाबरलेल्या आजीइतकीच मोलाची असते, आणि बहुतेक प्रकल्पांत ती घेतलीच जात नाही.

कर्मचाऱ्यांना विसरू नये. गेटपाशी उभी असणारी ताई, सफाई करणारे दादा, नियंत्रण कक्षातील अधिकारी यांना प्रवासी रोज कुठे अडतात हे पाठ असते. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी स्वयंचलनातील एक विसंगती दाखवून दिली: यंत्रणा जितकी भरवशाची, तितका ती बिघडल्यावर हात घालणाऱ्या माणसाचा सराव कमी, आणि त्याच्या वाट्याला नेमके कठीण प्रसंगच येतात. म्हणून कर्मचाऱ्याला ‘तुमचे काम काय’ एवढेच न विचारता ‘यंत्र बंद पडल्यावर शेवटचे कधी हाताने करावे लागले’ असे विचारावे. त्यांची नावे, पाळी आणि स्थानक अहवालात एकत्र कधीही देऊ नयेत, कारण पाच स्थानकांच्या मार्गावर माणूस ओळखायला तेवढे पुरते.

लहान प्रयोग

प्रत्यक्ष यंत्रात बदल करण्याची मुभा मिळत नाही, पण खोटे यंत्र तयार करता येते. पुठ्ठ्याचे खोके, त्यात बसवलेला टॅबलेट आणि पडद्यामागे बसलेला विद्यार्थी, एवढ्या सामग्रीवर तिकीट-यंत्र किंवा बोलणारा मदत-फलक उभा राहतो. प्रवासी बटण दाबतो आणि पडद्यामागचा विद्यार्थी टॅबलेटवरचे चित्र बदलतो. २०१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी याच कल्पनेने चालकाला आसनाच्या वेशात लपवून, रिकामी वाटणारी गाडी आल्यावर पादचारी काय करतात ते पाहिले होते. आपण मात्र असले काही इंदूरच्या रस्त्यावर अजिबात करू नये. विजयनगर चौकात चालक असलेली वाहनेच पुरेशी परीक्षा घेतात. वर्गात किंवा सभागृहात, खुर्च्यांची रांग लावून केलेला प्रयोग पुरतो, आणि तो संपल्यावर पडद्यामागे माणूस होता हे प्रत्येक सहभागी व्यक्तीला सांगितलेच पाहिजे.

अशा प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ‘अमान्य तिकीट’ आणि ‘तिकीट उलटे आहे, बाण वर करून लावा’ या दोन संदेशांची तुलना करायची असेल तर अक्षरांचा आकार, रंग आणि आवाज दोन्हींत सारखा ठेवावा, आणि अर्ध्या लोकांना पहिला संदेश आधी, अर्ध्यांना दुसरा आधी दाखवावा. सहभागी म्हणून केवळ अभियांत्रिकीचे वर्गमित्र घेतले तर निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. मंडळातल्या ज्येष्ठांना, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना, दृष्टी अधू असलेल्यांना बोलवावे. पाच माणसांत बहुतेक दोष सापडतात असे जे म्हटले जाते, ते प्रत्येक दोष सुमारे ३१ टक्के लोकांना आढळतो या गृहीतावर आधारलेले आहे. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८४ टक्के दोष सापडतात. जो दोष २० जणांत एकालाच छळतो, त्याला हा नियम लागू पडत नाही, आणि वाहतुकीत तसाच दोष अपघाताला कारण होतो.

प्रयोगानंतर द्यायच्या प्रश्नावलीसाठी १९८६ पासून वापरात असलेली दहा विधानांची उपयोगसुलभता-श्रेणी पुरे. प्रत्येक विधानाचे उत्तर १ ते ५ मध्ये घ्यायचे, विषम क्रमांकांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकांचे उत्तर ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचे, आणि येणारा ० ते १०० मधील आकडा टक्केवारी समजायचा नाही. त्यातली नकारार्थी विधाने मराठीत सरळ वाक्यांत लिहावीत आणि वयस्कांना वाचून दाखवावीत.

आकडे आणि अहवाल

बारा मुलाखतींतून टक्केवारी काढू नये. ‘बारांपैकी सात जणांनी’ असे लिहावे. एकमेकांशी संबंध नसलेल्या १०० प्रसंगांत निम्म्या ठिकाणी एखादी गोष्ट आढळली, तर त्या ५० टक्क्यांना वर-खाली सुमारे १० टक्क्यांची चूक चिकटलेली असते. आणखी एक हिशेब फारसा कोणाला ठाऊक नसतो: ६० माणसे सरकत्या जिन्यावरून गेली आणि एकही पडला नाही, तर ‘धोका नाही’ असे म्हणता येत नाही. तीनला ६० ने भागावे. खरा धोका ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. सुरक्षिततेविषयी लहान नमुन्यावरून दिलासा देणारी वाक्ये लिहिताना हा भागाकार करून पाहावा.

अहवालाच्या मध्यभागी स्थानकाचा साधा आराखडा काढावा आणि थबकण्याचे प्रसंग त्यावर ठिपक्यांनी दाखवावेत. व्यवस्थापनाला वीस पानांपेक्षा असा एक नकाशा लवकर कळतो. त्यासोबत हिंदीत एक पान द्यावे, ज्यात तीनपेक्षा जास्त सूचना नसाव्यात आणि त्यांतील किमान एक बिनखर्चाची असावी: पाटी हलवणे, घोषणेतला एक शब्द बदलणे, कर्मचाऱ्याची उभे राहण्याची जागा चार पावले पुढे आणणे. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेला नष्ट करणार हे संमतिपत्रात लिहिलेले असते. ती तारीख पाळून तशी नोंद वहीत करावी. सूचनेप्रमाणे पाटी खरोखरच हलवली गेली, तर पहिला आठवडा नवलाईचा म्हणून सोडून द्यावा आणि त्यानंतर त्याच वारी, त्याच वेळी, तेच नोंदपत्रक घेऊन त्याच खांबापाशी पुन्हा उभे राहावे.